धूर, विषाणू आणि फुप्फुसांतला झाडूवाला

पावसाळा सुरू झाला, की वर्गातील बाके रिकामी दिसू लागतात. कोणाला सर्दी, तर कोणाला फ्ल्यू. पण विद्यार्थी मित्रांनो, एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली आहे काय? एकाच घरात, एकाच विषाणूने दोघे आजारी पडतात. त्यांपैकी एक चार दिवसांत हिंडू-फिरू लागतो, तर दुसरा पंधरा दिवस खोकत राहतो. असे का व्हावे? वय, पोषण, जुने आजार अशी याची कारणे अनेक आहेत. आज त्यांपैकी एकाचाच विचार करू. ते म्हणजे विडी-सिगारेटचा धूर.

१९८२ साली इस्रायलमधील एक पाहणी प्रसिद्ध झाली. तेथील सैन्याच्या एका तुकडीत एच१एन१ जातीच्या इन्फ्लुएन्झाची साथ आली होती. पाहणीतील ३३६ जण तरुण व सुदृढ होते. त्यांपैकी १६८ जण सिगारेट ओढणारे. या ओढणाऱ्यांपैकी शेकडा ६८.५ जणांना फ्ल्यू झाला. न ओढणाऱ्यांपैकी शेकडा ४७.२ जणांना. काम बुडावे किंवा अंथरूण धरावे लागावे इतका जोराचा आजार ओढणाऱ्यांत शेकडा ५०.६ जणांना, तर न ओढणाऱ्यांत शेकडा ३०.१ जणांना झाला.

आता वही-पेन्सिल घ्या. ५०.६ ला ६८.५ ने भागा. फ्ल्यू झालेल्या दर १०० ओढणाऱ्यांपैकी सुमारे ७४ जणांना तो जोराचा झाला, असे उत्तर येईल. न ओढणाऱ्यांसाठी ३०.१ ला ४७.२ ने भागा. उत्तर येईल सुमारे ६४. म्हणजे धुराने दोन गोष्टी घडलेल्या दिसतात. आजार अधिक जणांना झाला आणि झाल्यावर तो काहीसा अधिक जोराचाही ठरला.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, ''ओढणारे एकत्र बसत असतील, एकमेकांची सिगारेट तोंडाला लावत असतील. मग दोष धुराचा कशावरून?'' शंका रास्त आहे. नुसत्या आकड्यांवरून कारण सिद्ध होत नाही. म्हणून शरीराच्या आत डोकावले पाहिजे.

आपल्या श्वासनालाच्या अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा पातळ थर असतो. धूळ, जंतू आणि विषाणू त्यात अडकतात. अस्तराच्या पेशींवर केसांहून कितीतरी बारीक अशा पक्ष्माभिका असतात. जोंधळ्याच्या शेतावरून वाऱ्याची लाट जावी, तशा त्या सेकंदाला दहा-पंधरा वेळा लवतात आणि हा थर घशाकडे सारतात. तेथून तो आपण नकळत गिळून टाकतो. हाच आपल्या फुप्फुसांचा झाडूवाला!

धुरातील ॲक्रोलीन, हायड्रोजन सायनाइड यांसारख्या द्रव्यांनी पक्ष्माभिकांची हालचाल मंदावते. रोजच धूर जात राहिला, तर त्या आखूड होतात, काही नाहीशाही होतात. उलट श्लेष्मा मात्र अधिक पाझरतो. केर वाढला आणि झाडूवाला रजेवर, अशी ही स्थिती. त्यातच फ्ल्यूचा विषाणू याच पेशींवर हल्ला करतो. मग जिवाणूंना खाली उतरायला वाट मोकळी मिळते आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. वायुकोशांतील जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशीही धुराने दुबळ्या होतात. शिवाय धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हीमोग्लोबिन अडवून ठेवतो. सुजलेल्या फुप्फुसांतून प्राणवायू कमी मिळत असताना हे नुकसान अधिकच जाणवते.

कोविडच्या साथीत, २०२० च्या प्रारंभी, काही रुग्णालयांत ओढणाऱ्यांची नोंद अपेक्षेपेक्षा कमी आढळली. लगेच ''सिगारेट कोविडपासून वाचवते'' अशी आवई उठली! पण अत्यवस्थ रुग्णाच्या सवयींची नोंद पुष्कळदा अपुरी राहते. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. रुग्णालयात दाखल झालेल्यांमध्ये आजाराची तीव्रता आणि मृत्यू यांचा संबंध धूम्रपानाशी दिसतो, असा त्याचा निष्कर्ष होता. आकडा पाहिला, की तो कसा गोळा केला हे आधी विचारावे, हा धडा यातून घ्यावा.

''मी कुठे ओढतो?'' असे तुम्ही म्हणाल. पण घरात कोणी विडी ओढत असेल, तर तोच धूर पाळण्यातल्या बाळाच्याही छातीत जातो. अशा घरांतील लहान मुलांना खोकला, श्वासनलिकादाह व न्यूमोनिया अधिक होतो, हे आता पक्के ठाऊक आहे. आपल्या देशात २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखूचे पदार्थ विकण्यास, तसेच शाळेपासून १०० यार्डांच्या आत ते विकण्यास बंदी आहे. तुमच्या शाळेच्या फाटकाबाहेर ती पाळली जाते का, हे शिक्षकांसमवेत जरूर पाहा.

शेवटी एक आशेची गोष्ट. धूम्रपान थांबवले, की रक्तातील कार्बन मोनॉक्साइड दिवसा-दोन दिवसांत उतरतो आणि पुढील काही आठवड्यांत-महिन्यांत पक्ष्माभिका पुन्हा कामाला लागतात. घरच्या वडीलधाऱ्यांना उपदेश केलेला आवडत नाही. त्यांना हा झाडूवाला कसा काम करतो, एवढे समजावून सांगा आणि पुढची साथ येण्यापूर्वी सांगा.