दिव्याची चूल: रॉकेलच्या रांगेपासून इंडक्शनपर्यंत

ठाण्याजवळच्या दिव्यात घर तापवायची वेळ कधी येत नाही. तापवायचं असतं ते आंघोळीचं पाणी आणि डाळ-भाताचं भांडं. तरी २०२२ साली युक्रेनच्या युद्धाने युरोपातल्या घरांना जो चटका दिला, त्याची धग खाडीकाठच्या या चाळींपर्यंत आलीच. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण घराचं वर्षाचं वीज-गॅसचं बिल ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड धरलं होतं. वर्षभरात ते सरकारने हात देऊनही २,५०० पौंडांवर गेलं. मुंबई परिसरात नोव्हेंबर २०२० मध्ये ५९४ रुपयांना मिळणारा घरगुती सिलिंडर ६ जुलै २०२२ ला १,०५२ रुपये ५० पैशांना झाला आणि मार्च २०२३ मध्ये १,१०२.५० वर पोचला. खात्यात जमा होणारं अनुदान बहुतेकांच्या बाबतीत २०२० पासूनच थांबलेलं होतं, त्यामुळे सगळी वाढ थेट घरखर्चात.

पण भाव हा या गोष्टीचा अर्धाच भाग. कोणतं इंधन परवडतं, याच्या आधी दिव्यातल्या घराला कोणतं इंधन मिळू शकतं हे ठरत आलं, आणि ते ठरवलं कागदांनी: शिधापत्रिका, भाडेकरार, घरपट्टीची पावती, इमारतीची परवानगी.

हा सगळा पट्टा मुळात आगरी गावांचा. साबे, दातिवली, आगासन, बेतवडे, म्हातार्डी. भातशेती, खाडी, आणि घरात लाकूडफाटा नि शेण्यांवर पेटणारी चूल. पुढे मुंबईतली खोली परवडेनाशी झालेली माणसं इथे येऊ लागली. त्यांत कोकणातले चाकरमानीही बरेच, ज्यांना गावी न्यायला दिवा-सावंतवाडी गाडी इथूनच सुटते. गावच्या पडवीत तांब्याचा बंब असे. करवंट्या नि सोडणं टाकली की पाणी कढत. दहा बाय दहाच्या खोलीत धुरासकट बंब मांडणार कुठे? म्हणून इथला खरा सोबती रॉकेलचा स्टोव्ह.

रॉकेल म्हणजे रांग. रेशन दुकानासमोर माणसांच्या आधी कॅन उभे राहत. दुकानदार मापाने निळसर रॉकेल नरसाळ्यात ओती, फेस खाली बसेपर्यंत सगळ्यांचे डोळे मापावर. वातीचा स्टोव्ह निमूट जळे, पण भांड्याच्या बुडाला काजळी धरी. पंपाचा स्टोव्ह झटपट, मात्र फुरफुरत बंद पडला की पिन मारावी लागे, आणि हवा जास्त भरली तर भडका. १९७२ च्या सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते या नेत्यांनी महागाईविरुद्ध मुंबईत लाटणं मोर्चे काढले, तेव्हा धान्य आणि तेलाच्या जोडीला रॉकेलचीही मागणी होती. मोर्चात लाटणं होतं हे सर्वांच्या लक्षात राहिलं. चूल कशावर पेटवायची, हा प्रश्न मात्र पुढे कित्येक वर्षं तसाच राहिला.

स्वस्त रॉकेलाला दुसरे गिऱ्हाईकही होते: भेसळ करणारे. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळलं आणि महाराष्ट्र हादरला. पुढे रेशनच्या रॉकेलचा कोटा आटत गेला. शिधापत्रिकेवर गॅसधारकाचा शिक्का असला की रॉकेल बंद. २०१६ पासून पंचवीस-पंचवीस पैशांनी वाढ करत करत मार्च २०२० पर्यंत त्यावरचं अनुदान शून्यावर आणलं गेलं. पंचवीस पैशांसाठी कोणी मोर्चा काढत नाही, हे सरकारला नेमकं ठाऊक होतं.

गॅस मुंबईत १९५५ च्या सुमारासच आला होता, बर्मा शेलच्या ‘बर्शेन’ नावाने. सामान्य घराला मात्र जोडणीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. खासदारांच्या कोट्यातलं कुपन मिळालं तर घरात लग्न ठरल्याचा आनंद. नव्वदीनंतर ही टंचाई सरली. अडचण उरली पत्त्याच्या पुराव्याची. अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणारा आणि तोही कागद हातात नसलेला भाडेकरू जोडणी घेणार कशी? अशा वस्त्यांत लहान सिलिंडर काळ्या बाजारात किलोवर भरून घेण्याची पद्धत पडली, ती यामुळे. बेकायदा, धोकादायक आणि किलोमागे अधिकृत दरापेक्षा महाग. ऑक्टोबर २०१३ मध्ये तेल कंपन्यांनी पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळणारा पाच किलोचा सिलिंडर आणला. बिनअनुदानाचा, तरी निदान सरळ मार्गाचा.

अनुदानाच्या सिलिंडरचं गणित त्याच सुमारास सतत बदलत होतं. सप्टेंबर २०१२ मध्ये वर्षाला सहाची मर्यादा, जानेवारी २०१३ मध्ये नऊ, २०१४ मध्ये बारा, मग २०१५ पासून पैसे थेट बँकेत. पुढे १,१०२.५० वर गेलेला सिलिंडरचा भाव ३० ऑगस्ट २०२३ ला २०० रुपयांनी, मार्च २०२४ मध्ये आणखी १०० रुपयांनी उतरला, तो ८०२.५० वर. दोन्ही वेळा निवडणुका जवळ होत्या. त्याच वर्षी राज्याने मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर केले, पण जोडणी बाईच्या नावावर हवी. चूल बाईने सांभाळायची आणि गॅसचं पुस्तक नवऱ्याच्या नावावर, ही घरोघरची रीत तेव्हा सरकारदरबारी अडचण ठरली.

पाईपच्या गॅसची गोष्ट वेगळी. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसची वाहिनी ठाणे, कल्याण, डोंबिवलीत आली. तिथेही नोव्हेंबर २०२२ मध्ये दर घनमीटरला ५४ रुपयांवर गेला होता. गॅसच्या किमतींसाठी नेमलेल्या किरीट पारीख समितीनंतर दराचं सूत्र बदललं आणि एप्रिल २०२३ मध्ये ४९ झाला. सिलिंडर संपायची धाकधूक नाही, हा त्याचा मोठा गुण. सौर पाणीतापक मात्र इमारतीच्या परवानगीशी बांधलेला: ठाणे महापालिकेने नव्या इमारतींना तो बंधनकारक केला, मालमत्ता करात सूटही दिली. ज्या इमारतीला मुळात परवानगीच नाही, तिला बंधन कसलं आणि सूट कसली? दिव्यात अशा इमारती किती, हे स्टेशनच्या पुलावरून पूर्वेकडे पाहिलं तरी कळतं.

आणखी एक पर्याय तर दिव्यात ट्रक भरभरून येत होता. भाभा अणुसंशोधन केंद्रात शरद काळे यांनी ओल्या कचऱ्यापासून गॅस देणारं ‘निसर्गऋण’ तंत्र विकसित केलं. पुण्यात आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेला घरगुती बायोगॅससाठी २००६ चा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. ठाण्याचा कचरा मात्र दिव्याच्या क्षेपणभूमीवर कुजत, अधूनमधून पेटत राहिला. रहिवाशांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केल्यावर २०२३ मध्ये ती बंद झाली.

राहिली वीज. भारनियमनाच्या काळात गळती जास्त त्या भागात अंधारही जास्त, आणि हा पट्टा गळतीच्या यादीत वरचा. विजेवर स्वयंपाक ही तेव्हा थट्टाच होती. १ मार्च २०२० पासून शीळ-मुंब्रा-कळवा विभागाचं वितरण टोरंट पॉवरकडे आलं. दर मात्र महावितरणचेच. आता दिव्यातल्या घरात इंडक्शन दिसतो, बादलीत सोडायचा रॉडही. रॉड स्वस्त, पण त्याचा नियम मोडला तर जीव जातो: आधी पाणी, मग रॉड, मग बटण, आणि बटण बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही. गॅस गीझर घ्यावा तर न्हाणीघराला झरोका हवा, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

इंडक्शनचा हिशेब मात्र बसून करण्यासारखा आहे. १४.२ किलोचा सिलिंडर जेवढं शिजवतो, तेवढ्याला इंडक्शनवर साधारण १३० युनिट लागतात. महिन्याचा एकूण वापर शंभर युनिटांच्या आत राहिला तर खर्च सिलिंडरच्या आसपास येतो. शंभर ओलांडले की पुढच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट. फ्रिज आणि दोन पंखे असलेलं घर शंभराच्या उंबरठ्यावर आधीच उभं असतं. ८ एप्रिल २०२५ ला सिलिंडर पुन्हा ५० रुपयांनी वाढून ८५२.५० झाला, तरी हे गणित फारसं हललं नाही. म्हणून चहा, दूध, भात इंडक्शनवर आणि बाकीचं गॅसवर, अशी वाटणी सोयीची पडते. भांडंही तेच चालतं ज्याच्या बुडाला चुंबक चिकटतो. ॲल्युमिनियमची पातेली बाद. आणि भाकरी थेट जाळावर फुगवायची असेल, तर एक शेगडी गॅसची ठेवावीच लागते.