नॉर्थ कोस्ट ५०० : किनारा, रस्ता आणि कॅम्परव्हॅन

मार्ग : स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालणारा, इन्व्हरनेस किल्ल्यापाशी सुरू होऊन तिथेच संपणारा हा सुमारे ८३० किलोमीटरचा पर्यटनमार्ग २०१५ मध्ये जाहीर झाला, रस्ते मात्र जुनेच आहेत.

वाहन : कॅम्परव्हॅन म्हणजे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली व्हॅन, कॅरॅव्हॅनला स्वतःचे इंजिन नसते, ती मोटारीमागे ओढली जाते.

रस्ता व मुक्काम : अनेक टप्पे एकपदरी असून समोरच्या वाहनाला वाट देण्यासाठी कडेला राखलेल्या रुंद जागांत गाडी उभी करून ठेवता येत नाही. ६२६ मीटर उंचीच्या बेलाख ना बा घाटातील तीव्र वळणे मोठ्या वाहनांसाठी योग्य मानली जात नाहीत. २००३ च्या भूसुधारणा कायद्याने मोकळ्या जागी तंबू ठोकण्याचा हक्क दिला असला, तरी तो मोटारवाहनांना लागू नाही.