जुन्या स्कूटरची घरगुती दुरुस्ती

धाटावच्या कारखान्यात पहिल्या पाळीला निघालेला कोणी, नाहीतर कोलाडकडे शाळेवर जाणारे एखादे गुरुजी भर पावसात कडेला थांबून जुन्या स्कूटरला किका मारीत आहेत, हे दृश्य अजून अधूनमधून दिसते. ‘गाडी म्हातारी झाली हो,’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण मंडळी, पुष्कळदा दोष वयाचा नसतो, प्लगचा असतो.

मी बोलतो आहे ती 1972 साली निघालेल्या बजाज चेतकबद्दल. (आता त्या नावाची गाडी विजेवर चालते, तिची गोष्ट वेगळी.) जुन्या चेतकचे इंजिन टू-स्ट्रोक. सिलिंडरचे वंगण पेट्रोलातच मिसळायचे, लिटरला 20 मिलिलिटर. थोडे जास्त बरे म्हणून बाटली उपडी केली, की तेल नीट जळत नाही, प्लगवर काजळी धरते आणि ठिणगी पडेनाशी होते.

इंजिन निवल्यावर प्लग काढून पाहा. टोक कोरडे, फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळे, ओलसर असेल तर तारेच्या ब्रशाने घासा, पुसून कोरडे करा. टोकांतली फट सुमारे 0.6 मिलिमीटर हवी. मोजायची कशाने? लोखंड कापायच्या करवतीचे पाते जवळजवळ तेवढेच जाड असते. बसवताना प्लग आधी हातानेच फिरवा, पाना शेवटी. सिलिंडरचे डोके ॲल्युमिनियमचे. आटे गेले की पाच मिनिटांचे काम आठ दिवसांवर जाते.

क्लचच्या वायरीला पावसाळ्याआधी तेल सोडा. तिचे बारीक धागे सुटू लागले, की बदलाच.

चाकाशी मात्र जपून. स्कूटरची रिम दोन अर्ध्या भागांची असते. काही नट चाक ड्रमला धरतात, काही नट हे दोन भाग एकमेकांना. स्टेपनी लावताना फक्त ड्रमचे नट काढायचे. ट्यूबमध्ये दर चौरस इंचाला पंचवीस-तीस पौंडांचा दाब असतो. भलतेच नट सैल केले तर रिम उसळून तोंडावर येते. एकदा मी पाना लावलाच होता, शेजारून जाणारा माझा जुना विद्यार्थी ओरडला, “सर, थांबा! आधी हवा सोडा!” तेव्हापासून नटांची ओळख पटली नाही, तर मी व्हॉल्व्ह दाबून सगळी हवा काढतो, मगच पाना हातात घेतो.

ब्रेकचे काम मात्र मी अजूनही मिस्त्रीकडेच देतो.