केसांना इस्त्री, पण किती गरम?

मुलुंडला घरी अर्धा तास खपून सरळ केलेले केस जुलैत घाटकोपर येईपर्यंत पुन्हा फुगतात. दोष यंत्राचा नसतो, दमट हवेचा असतो. केसातल्या केराटिन या प्रथिनाच्या साखळ्या एकमेकींना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध उष्णतेने सुटतात आणि केस थंड होताना नव्या, सरळ जागी जुळतात. बाष्प शिरले की ते पुन्हा सुटतात. मग दुसऱ्या दिवशी तापमान आणखी वाढवले जाते आणि केसांचे खरे हाल तिथे सुरू होतात.

कोरड्या केसातल्या केराटिनची घडण साधारण २३० अंश सेल्सिअसला मोडते, ओल्या केसात मात्र १५० च्या आसपासच. बाजारातली कित्येक यंत्रे २३० पर्यंत तापतात! ओला केस पट्ट्यांत धरला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे तयार होतात आणि तो तिथेच तुटतो. चर्र आवाज आला की हात थांबवावा.

म्हणून स्ट्रेटनर घेताना आधी तापमानाचे आकडे आणि ते कमी-जास्त करण्याची सोय पाहावी. नुसते चालू-बंद बटण असलेले स्वस्त यंत्र नकोच. बारीक किंवा रंगवलेल्या केसांना १५० अंशांपर्यंत पुरे, जाड कुरळ्यांना १८०. सिरॅमिक पट्ट्या सारख्या तापतात. मुलामा उडाला की मात्र केस ओरबाडतात. टायटॅनियम झटकन तापते, नवख्याने टाळावे. ‘आयन’ वगैरे शब्दांसाठी जादा पैसे मोजू नयेत. बटेवरून चारदा फिरवण्यापेक्षा सावकाश एकदाच फिरवावे.

खोबरेल धुण्याआधी लावावे, इस्त्रीआधी नव्हे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये तीन तेले तपासली, तेव्हा केसातले प्रथिन वाहून जाणे फक्त खोबरेलाने कमी झाले. कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे खरे. पण या तेलातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरते, हे कारण पटण्याजोगे आहे.

पार्लरमधले क्रीम लावून केलेले स्ट्रेटनिंग वेगळे. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने २६ वर्षांच्या एका तरुणीची नोंद छापली. २०२० ते २०२२ या काळात तीनदा स्ट्रेटनिंग केले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. क्रीममध्ये १० टक्के ग्लायऑक्सिलिक आम्ल होते. बाटलीवरचे घटक आधी वाचायला मागावेत. नंतर उलट्या, पाठदुखी सुरू झाली किंवा लघवी कमी झाली, तर स्ट्रेटनिंग केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि क्रिएटिनीनची तपासणी करून घ्यावी.