ग्रोट रेबर : स्वतःच्या कानाने आकाश ऐकणारा माणूस

ज्ञान कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न आपल्या समाजात फार जुना आहे. डोक्याने काम करणारा वरचा आणि हाताने काम करणारा खालचा, ही उतरंड येथे शतकानुशतके टिकविली गेली. आमचे भुसावळ हे रेल्वेचे गाव. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड ओळखणारे कामगार येथे पिढ्यानपिढ्या आहेत. त्यांना कुशल कारागीर म्हणतात. विचारवंत कोणी म्हणत नाही. या दोन शब्दांमधली भिंत किती खोटी आहे, हे समजून घ्यायचे असेल तर ग्रोट रेबर या अमेरिकन रेडिओ अभियंत्याची आठवण ठेवली पाहिजे.

रेबर यांचा जन्म २२ डिसेंबर १९११ चा. किशोरवयातच त्यांनी हौशी रेडिओचा परवाना मिळविला. हौशी रेडिओ म्हणजे पगारासाठी नव्हे तर जिज्ञासेपोटी स्वतः यंत्र जुळवून जगाशी संपर्क साधणे. भूज येथे २००१ साली भूकंप झाला, तारा तुटल्या, तेव्हा निरोप पोहोचविण्यात अशाच हौशी मंडळींचा हातभार लागला. रेबर १९३३ साली शिकागोतून रेडिओ अभियंता झाले. त्याच सुमारास बेल कंपनीतील कार्ल जान्स्की यांनी आकाशगंगेच्या दिशेने रेडिओ लहरी येत असल्याचे जाहीर केले होते. पुढे हे काम करावे म्हणून रेबर यांनी त्या कंपनीत नोकरी मागितली. पण तो मंदीचा काळ. नोकरी मिळाली नाही.

मग त्यांनी काय केले? दैवाला बोल लावला नाही. १९३७ च्या उन्हाळ्यात व्हीटन या गावी, घराच्या आवारात, स्वखर्चाने सुमारे साडेनऊ मीटर व्यासाची पत्र्याची तबकडी उभारली. सांगाडा लाकडाचा. दिवसा नोकरी आणि रात्री आकाशाचे श्रवण. रात्रच निवडण्याचे कारणही साधे होते : दिवसा रस्त्यावरच्या मोटारींच्या ठिणग्यांचा खरखराट यंत्रात शिरत असे.

वाचकहो, खरा धडा येथून पुढे आहे. तापलेल्या वस्तूचा नियम असा की, कंपनसंख्या वाढली की रेडिओ लहरीही प्रबळ व्हाव्यात. या हिशेबाने रेबर यांनी प्रथम ३,३०० मेगाहर्ट्झवर शोध घेतला. काहीच मिळाले नाही. मग सुमारे ९०० वर पाहिले; तेथेही शांतता. दुसरा एखादा म्हणाला असता, नियम थोरांचा आहे, चूक माझ्याच यंत्राची. रेबर यांनी नियमच बाजूला ठेवला आणि १६० मेगाहर्ट्झचे यंत्र जोडले. तेथे आकाशगंगा ऐकू आली! म्हणजे या लहरी केवळ उष्णतेच्या नव्हत्या. प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना त्या सोडतात, हे स्पष्टीकरण पुढे १९५० च्या दशकात रूढ झाले. रेबर यांचे निष्कर्ष १९४० साली खगोलशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात छापून आले. आकाशाचा नकाशा १९४४ साली. जवळजवळ दशकभर हे काम ते एकटेच करीत होते.

त्यांनी दाखविलेली वाट आपल्या दारापर्यंत आली आहे. गोविंद स्वरूप यांनी १९६५ साली कल्याणला, म्हणजे आमच्याच मध्य रेल्वेच्या मार्गावर, ३२ लहान तबकड्या उभ्या केल्या. पुढे जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात त्यांच्याच पुढाकाराने ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. पोलादी दोर ताणून त्यावर तारांची जाळी बसवायची, म्हणजे तबकडी हलकी आणि स्वस्त होते, ही त्यांची स्वतःची युक्ती. परदेशी नमुन्याची नक्कल त्यांनी केली नाही.

परंतु आम्ही विभूतिपूजा करीत नाही. रेबर १९५४ साली टास्मानियाला गेले, तेथे मेंढ्यांच्या कुरणात तारा ताणून त्यांनी फार लांब लहरींचा अभ्यास केला. मात्र विश्वाचा आरंभ महास्फोटातून झाला, हे त्यांनी अखेरपर्यंत मानले नाही. १९६५ साली त्या सिद्धांताला मोठा पुरावा मिळाला, तोही रेडिओ लहरींच्याच रूपात, तरी ते आपल्या मतावर ठाम राहिले. येथे पुरावा त्यांच्या बाजूने नव्हता. स्वतंत्र विचार म्हणजे सर्वांच्या विरुद्ध बोलणे नव्हे. पुरावा सांगेल तेथे जाणे, मग तो मोठ्यांच्या विरुद्ध जावो की आपल्या स्वतःच्या. व्हीटनच्या अंगणात रेबर यांनी ते करून दाखविले. उतारवयात त्यांना ते साधले नाही. दोन्ही गोष्टी सांगितल्या तरच त्यांचा खरा आदर होतो.

२० डिसेंबर २००२ रोजी ते गेले. त्यांच्या अस्थी जगभरातील अनेक रेडिओ वेधशाळांमध्ये जपून ठेवण्यात आल्या. ती तबकडी आज ग्रीन बँक येथील वेधशाळेच्या आवारात उभी आहे.

आयटीआयमध्ये शिकणाऱ्या, रेल्वेच्या शेडमध्ये उमेदवारी करणाऱ्या आमच्या मुलामुलींना एवढेच सांगावेसे वाटते : तुमच्या हातात पाना आहे म्हणून डोके दुसऱ्याकडे गहाण ठेवू नका. यंत्र उघडा, मोजा, नोंद ठेवा. आणि मोजलेले पुस्तकाशी जुळले नाही, तर घाबरून वही मिटू नका. पुन्हा मोजा. तरीही जुळले नाही, तर ते निर्भयपणे सांगा.