तेहतीस की बत्तीस

२६ मार्च १९७३ची रात्र. सेंट लुईमध्ये अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना चालू होता आणि हाफ टाइमला यूसीएलए आणि मेम्फिस स्टेट ३९-३९ असे बरोबरीत होते. तीन फाउल झाल्यामुळे यूसीएलएच्या लालसर केसांच्या सेंटरला, बिल वॉल्टनला, पूर्वार्धात काही वेळ बेंचवर बसावं लागलं होतं. उत्तरार्धात मात्र त्याला अडवणं कुणाच्याच हातात राहिलं नाही. ग्रेग ली लांबून चेंडू थेट रिंगच्या वर उंच टाकायचा, वॉल्टन तो हवेतच धरायचा आणि खाली यायच्या आत अलगद जाळीत सोडायचा. अलगदच, कारण त्या काळी डंक करायला बंदी होती; रिंगमध्ये चेंडू आदळला तर बास्केट बाद. त्या नाजूक पद्धतीने वॉल्टनने २२ पैकी २१ फटके आत घातले, ४४ गुण केले आणि यूसीएलएने ८७-६६ असा सामना जिंकला. सामना संपत आला असताना त्याचा घोटा मुरगळला. त्याला आधार देऊन मैदानाबाहेर नेणाऱ्यांत मेम्फिस स्टेटचा लॅरी फिंच होता.

अंतिम सामन्यात एका खेळाडूने इतका निर्दोष खेळ त्याआधी केला नव्हता. म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या या लॉस एंजेलिसमधल्या कॉलेजचा सर्वांत थोर बास्केटबॉलपटू कोण, असं विचारलं की अनेकांच्या तोंडी आधी हीच रात्र येते. बत्तीस नंबरचा वॉल्टन. पण त्याच्याआधी तीन वर्षं तिथे तेहतीस नंबर खेळून गेला होता, आणि खरा वाद तिथे सुरू होतो.

वाद इतका रंगतो याला कारण हे कॉलेजच. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेची ११ विजेतेपदं यूसीएलएकडे आहेत, इतर कोणाहीपेक्षा जास्त. त्यातली १० एकट्या जॉन वुडन यांच्या प्रशिक्षणाखालची, तीही १९६४ ते १९७५ या बारा हंगामांत. आणि १९६७ ते १९७३ ही सात वर्षं तर ओळीने. इंडियानातून आलेले हे शिस्तीचे गृहस्थ दर हंगामाच्या पहिल्या दिवशी पोरांना मोजे घालायला शिकवत. बोटांवरून, टाचेवरून हात फिरवून सुरकुती राहिली नाही ना हे बघायचं, मग बुटाच्या नाड्या एकेका भोकापासून ओढून बांधायच्या. मोज्याला सुरकुती म्हणजे पायाला फोड, आणि पायाला फोड म्हणजे खेळाडू बाहेर. वस्तादाने तालमीत नव्या पोराला आधी माती खणायला लावावी, तसा हा धडा. देशभरात नाव झालेली मुलंही तो खाली बसून गिरवत.

त्यांच्यातला सर्वांत उंच मुलगा न्यूयॉर्कहून आलेला. लू अल्सिंडर, म्हणजे पुढे ज्याला जग करीम अब्दुल-जब्बार म्हणून ओळखू लागलं तो. सात फुटांहून उंच, अबोल, वाचनाची आवड असलेला. डिसेंबर १९६६मध्ये मुख्य संघाकडून पहिलाच सामना खेळताना त्याने शेजारच्या यूएससीविरुद्ध ५६ गुण केले. कॉलेजचा तोवरचा एका सामन्यातला विक्रम ४२ गुणांचा होता. गेल गुडरिचने तो १९६५च्या अंतिम सामन्यात मिशिगनविरुद्ध केला होता. अल्सिंडरने तो पदार्पणातच मागे टाकला आणि त्याच हंगामात वॉशिंग्टन स्टेटविरुद्ध ६१ गुण करून स्वतःचाही विक्रम मोडला. हंगाम संपला तो एकही पराभव न होता.

मग नियमच बदलला. १९६७-६८च्या हंगामापासून कॉलेज बास्केटबॉलमध्ये डंक बंद झाला आणि १९७६पर्यंत बंदच राहिला. नियम करणाऱ्यांनी दुखापती आणि मोडणाऱ्या रिंगा अशी कारणं दिली, पण तो नियम कोणासाठी आहे हे सगळ्यांना दिसत होतं. अल्सिंडरने तक्रारीत वेळ दवडला नाही. बोर्डाकडे पाठ, एक खांदा बचाव करणाऱ्याकडे, आणि सरळ वर गेलेल्या हातातून मनगटाच्या झटक्याने सुटणारा हूक त्याने असा घोटला की पुढे वीस वर्षं व्यावसायिक बास्केटबॉलमध्येही त्यावर कोणाला उतारा सापडला नाही.

तीन वर्षांत ८८ विजय, २ पराभव, ३ विजेतेपदं, आणि तिन्ही वेळा अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू. हा शेवटचा मान आजवर दुसऱ्या कोणाला मिळालेला नाही. ते दोन पराभवही नीट पाहण्यासारखे आहेत. पहिला जानेवारी १९६८मध्ये ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये, ५२,६९३ प्रेक्षकांसमोर. आठवडाभर आधी अल्सिंडरच्या डाव्या डोळ्याच्या बुबुळाला ओरखडा गेला होता. त्या डोळ्यानिशी तो खेळला, त्याचे १८ पैकी चारच फटके आत गेले, समोरच्या एल्विन हेजने ३९ गुण केले आणि सामना ७१-६९ने गेला. दोन महिन्यांनी उपांत्य फेरीत तेच दोन संघ पुन्हा भेटले. यूसीएलए १०१, ह्यूस्टन ६९. हेजला या वेळी फक्त १० गुण.

दुसरा पराभव मार्च १९६९मध्ये घरच्याच मैदानावर, यूएससीकडून ४६-४४ असा. तेव्हा ठरावीक सेकंदांत फटका मारायचं बंधन नव्हतं. यूएससीने चेंडू आपापसांत फिरवत ठेवला. अल्सिंडरला हरवायचं तर खेळ जवळजवळ थांबवावा लागतो, इतकंच त्या धावफलकातून दिसतं.

आता वॉल्टनच्या बाजूने. तोही तीन वर्षं खेळला: ८६ विजय, ४ पराभव, २ विजेतेपदं, आणि तिन्ही वर्षी देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. सामन्यामागे गुण २०.३, अल्सिंडरचे २६.४. रिबाउंडमध्ये मात्र वॉल्टन केसभर पुढे, १५.७ विरुद्ध १५.५. पण आकड्यांत न मावणारी गोष्ट म्हणजे त्याचा पास. रिबाउंड घेऊन पाय जमिनीला टेकायच्या आत तो मान वळवून अर्ध्या मैदानापार चेंडू पाठवायचा, आणि प्रतिस्पर्धी माघारी धावेपर्यंत बास्केट झालेला असायचा. चार सहकाऱ्यांना आहेत त्याहून मोठे खेळाडू करून दाखवणारा सेंटर, असं त्याचे चाहते म्हणतात, आणि ते खरं आहे. सलग ८८ विजयांची ती प्रसिद्ध मालिकाही बहुतांशी त्याच्याच काळातली. व्हिएतनाम युद्धाविरोधातल्या निदर्शनात १९७२मध्ये त्याला अटक झाली, वुडनना ते पटलं नाही, तरी दोघांमधला जिव्हाळा शेवटपर्यंत टिकला.

त्याच्या अखेरच्या हंगामाचा सल मात्र राहिला. जानेवारी १९७४मध्ये नोटर डेमने शेवटच्या साडेतीन मिनिटांत सलग १२ गुण करून ती मालिका ७१-७० अशी तोडली. मार्चमध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेटने जादा वेळेच्या दुसऱ्या सत्रात ८०-७७ असं हरवलं. त्या सत्रात यूसीएलए ७ गुणांनी पुढे होती. हे पराभव आपल्याला कायम डाचतात, असं वॉल्टनने पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितलं. नोटर डेमच्या सामन्यात तो पाठीच्या दुखापतीतून नुकता उठला होता, हेही विसरता येत नाही. अल्सिंडरला डोळ्याची सवलत द्यायची तर वॉल्टनला पाठीची द्यायलाच हवी.

वुडनना हा प्रश्न आयुष्यभर विचारला गेला. एकेक मूलभूत कौशल्य घेऊन गुण दिले तर वॉल्टन वर येईल, पण संघाला सर्वांत मोलाचा अल्सिंडर, अशा अर्थाचं ते सांगत.

बाकीची नावं या दोघांच्या सावलीत राहतात, आणि त्याचं वाईट वाटतं. सहा फूट आठ इंचांच्या सिडनी विक्सने १९७०च्या अंतिम सामन्यात सात फूट दोन इंचांच्या आर्टिस गिलमोरचे फटके एकामागून एक रोखले. गुडघा मोडून परतलेल्या एड ओबॅननने १९९५च्या अंतिम सामन्यात ३० गुण आणि १७ रिबाउंड घेत अकरावं विजेतेपद आणलं. चार वर्षं खेळून २,६०८ गुण करणारा डॉन मॅक्लिन पुरुषांच्या यादीत पहिला आहे.

पुरुषांच्या यादीत, हे मुद्दाम म्हणायचं. कारण या कॉलेजकडून सर्वांत जास्त गुण केलेत ते डेनिस करीने: ३,१९८. ती १३० सामने खेळली आणि त्यातल्या एकाही सामन्यात तिचे गुण दहाच्या खाली गेले नाहीत. तिच्या आधीची ॲन मायर्स १९७४मध्ये यूसीएलएची पूर्ण शिष्यवृत्ती मिळवणारी पहिली महिला खेळाडू. फेब्रुवारी १९७८मध्ये स्टीफन एफ. ऑस्टिन कॉलेजविरुद्ध तिने २० गुण, १४ रिबाउंड, १० असिस्ट आणि १० स्टील केले. चारही रकान्यांत दोन आकडी संख्या त्या पातळीवर तोवर कोणाच्याच नावावर नव्हती, मुलाच्याही नाही. त्याच वर्षी यूसीएलएने राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. १९९०मध्ये पॉली पॅव्हिलियनमध्ये पहिल्यांदा जर्सी निवृत्त करायचं ठरलं तेव्हा चार नावं निघाली: अब्दुल-जब्बार, वॉल्टन, मायर्स, करी. दोन पुरुष आणि दोन बायका. कॉलेजने तेव्हा जो न्याय केला तो वाद घालणारे अजून करत नाहीत, आणि मायर्स व करी यांचं नाव न घेता मांडलेली कोणतीही यादी अपुरी आहे.

तरीही एकच नाव सांगायचं तर ते तेहतीस नंबरचं. वॉल्टनची सेंट लुईची रात्र अल्सिंडरच्या कोणत्याही एका रात्रीपेक्षा सुंदर होती हे मान्य करूनही. वॉल्टनला थांबवायला प्रतिस्पर्ध्यांनी डावपेच आखले. अल्सिंडरसाठी खेळाचे नियम बदलले आणि तरी तो थांबला नाही.

याचा पुरावा तर तो मुख्य संघात यायच्या आधीच मिळाला होता. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघात खेळता येत नसे. २७ नोव्हेंबर १९६५ला नव्या कोऱ्या पॉली पॅव्हिलियनमध्ये मुख्य संघाने आपल्याच कॉलेजच्या या मुलांशी सामना ठेवला. मुख्य संघ लागोपाठ दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता होता, आणि नव्या हंगामातही देशात पहिला येईल असं मानलं जात होतं. पोरांनी तो ७५-६० असा जिंकला. अल्सिंडरचे ३१ गुण, २१ रिबाउंड. कॉलेजच्या यादीत त्याच्या नावापुढे तीन वर्षांचे २,३२५ गुण आहेत. त्या रात्रीचे ३१ त्यात धरलेले नाहीत.