गेम खेळणाऱ्या पोरांनी पूरग्रस्तांसाठी लाखो कसे जमवले? दुकानदारांनी शिकायच्या चार गोष्टी



गेम खेळणारी पोरं म्हटलं की आपल्याकडं घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं, "दिवसभर मोबाईल, कामधंदा काही नाही." आज याच पोरांकडून धंदेवाल्यानं काय शिकायचं, ते बघू.

विषय आहे पूरग्रस्तांसाठी मदत गोळा करण्याचा, आणि तो आपल्या दारातला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच नांदेड जिल्ह्यात, मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगाव या गावांत रात्रीतून पाणी शिरलं. माणसं गेली, जनावरं गेली, लष्कराला बोलवावं लागलं. पुढं सप्टेंबरात मराठवाड्यात ठिकठिकाणी उभी पिकं पाण्याखाली गेली. अशा वेळी लोह्यातल्या छोट्या दुकानदारालाही वाटतं, आपण काहीतरी करावं. लोक पैसे द्यायलाही तयार असतात. पण त्यांचा पहिला प्रश्न असतो, "टाकायचे कुणाच्या खात्यावर?" या उत्तरात तुम्ही अडखळलात की मदत थांबते आणि दुकानाच्या नावालाही धक्का बसतो.

आता दोन खरी उदाहरणं घ्या.

पहिलं आपल्या देशातलं. जुलै २०२०, आसाम आणि बिहारमध्ये पूर. 'कॅरीमिनाटी' नावानं ओळखला जाणारा अजेय नागर याचं गेमिंगचं वेगळं चॅनेल आहे. त्यानं लाईव्ह गेम खेळत मदतीचं आवाहन केलं. दहा लाखांहून जास्त रुपये जमले. त्यात स्वतःचे पैसे घालून त्यानं ती रक्कम दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्री निधीला दिली.

दुसरं अमेरिकेतलं. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळानं ह्यूस्टन शहर बुडालं. 'गेम्स डन क्विक' हा गट २०१० पासून मदतीसाठी गेमचे कार्यक्रम करतो. गेम कमीत कमी वेळात पूर्ण करून दाखवायचा, लोकांनी बघत बघत देणगी द्यायची, अशी त्यांची पद्धत. वादळानंतर आठवडाभरातच, १ ते ३ सप्टेंबरला त्यांनी खास कार्यक्रम ठेवला आणि ह्यूस्टन फूड बँकेसाठी सव्वादोन लाख डॉलरच्या आसपास रक्कम उभी केली.

यातून घ्यायच्या चार गोष्टी:

१) ओळख आधीची पाहिजे. हे लोक पुराच्या दिवशी गोळा झाले नाहीत. कित्येक वर्षं रोज एकत्र खेळणारी, एकमेकांना नावानं ओळखणारी ही मंडळी. तुमच्या गिऱ्हाइकांचंही तसंच आहे. वर्षभर ज्यांची साधी विचारपूस केली नाही, ते संकटात तुमच्या मेसेजवर पैसे टाकणार नाहीत.

२) काम एक आणि मुदत ठरलेली. 'पूरग्रस्तांना मदत करा' हे मोघम झालं. 'ह्यूस्टन फूड बँक, तीन दिवस' हे नेमकं झालं. नेमकं सांगितलं की माणूस लवकर ठरवतो.

३) आकडा सगळ्यांसमोर. अशा कार्यक्रमात जमलेली रक्कम पडद्यावर वाढताना दिसते. आपल्याला हे नवीन नाही. गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक आणि देवळातला देणगीदारांचा फलक म्हणजे तेच. मोबाईलवर गोळा करताना मात्र आपण पावती विसरतो.

४) चोर तयारच असतो. त्याच जुलै २०२० मध्ये कॅरीचं गेमिंग चॅनेल हॅक झालं आणि चोरांनी त्यावरून मदतीच्या नावाखाली बिटकॉईन मागायला सुरुवात केली. नाव विश्वासाचं, खिसा चोराचा! म्हणून खाते क्रमांक किंवा क्यूआर कोड पुढं पाठवण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर तपासून घ्या.

आता हिशोबाकडं येऊ. युट्यूबवर लाईव्हमध्ये प्रेक्षक 'सुपर चॅट'नं पैसे देतात, त्यातले साधारण ३० टक्के युट्यूब ठेवतं. म्हणजे १०,००० जमले तर हातात ७,००० च्या आसपास. तेही पुढच्या महिन्यात आणि तुमची कमाई म्हणून. पूरग्रस्ताला चूल आज पेटवायची असते. मार्ग निवडताना दोनच प्रश्न विचारा: शंभरातले किती पोचतात आणि कधी पोचतात?

स्वतःच्या खात्यावर वर्गणी घेण्याचा मोह टाळा. त्या पैशांचा खुलासा उद्या तुम्हालाच करावा लागतो. शिवाय नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून कलम ४१ क खाली परवानगी लागते. गणेश मंडळं ती काढतात. त्यापेक्षा सरळ मार्ग म्हणजे लोकांना मुख्यमंत्री सहायता निधीच्या अधिकृत खात्यावर थेट पैसे टाकायला सांगायचं. पावती देणाऱ्याच्या नावानं निघते, आणि जुन्या करपद्धतीत पूर्ण रकमेची वजावट मिळते.

मग दुकानानं काय करायचं? आपला वाटा जाहीर करायचा, पण आधी गणित करून. समजा आठवड्याची विक्री ४०,००० आणि नफा १० टक्के, म्हणजे ४,०००. 'विक्रीच्या २ टक्के देणार' असं बोललात तर ८०० रुपये झाले. ऐकायला २ टक्के, पण नफ्यातला पाचवा हिस्सा गेला. झेपत असेल तर जरूर द्या. नसेल झेपत तर ३०० सांगा आणि ३०० च द्या. ५,००० बोलून २,००० देणाऱ्यापेक्षा बाजारात त्याचीच पत राहते. आठवडा संपला की भरल्याची पावती काउंटरवर लावा, ग्रुपवर टाका.

आणि एक. पुरानंतर तुमचा गिऱ्हाईकच अडचणीत असतो. त्याची उधारी दोन महिने पुढं ढकलणं ही पण मदतच आहे. वहीत नवी तारीख लिहा आणि त्याला स्वतः फोन करून सांगा.

आजचा गृहपाठ: एका कागदावर चार ओळी लिहा. मदत कुणाला, पैसे कुठं, किती दिवस, हिशोब कधी दाखवणार. पुढच्या पावसाळ्याआधी हा कागद गल्ल्यात तयार पाहिजे. पाणी शिरल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही.